आधी ब्रेक, मग चाक

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मोटारसायकलचं पुढचं चाक हवेत उचलायचं आणि नुसत्या मागच्या चाकावर गाडी पळवायची, याला व्हीली म्हणतात. हा शब्द आता घरातल्या आजीलाही ठाऊक झाला आहे, कारण नातू तिला मोबाइलवर त्याची चित्रफीत दाखवतो. इंजिनाचा आवाज चढतो, चाक वर जातं, आजूबाजूची पोरं शिट्ट्या मारतात. सगळं मिळून पाच-सात सेकंदांचा कारभार. पण त्या पाच-सात सेकंदांसाठी आपल्याकडची मुलं पहाटे बायपासवर जमतात आणि त्यातली काही घरी नीट परत येत नाहीत.

ही व्हीली शिकतात कशी, ते आज मी सांगणार आहे. सांगलीजवळ माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि रविवारी सकाळी मी काही मुलांना मोटारसायकल नीट चालवायला शिकवतो. असल्या माणसानं रेडिओवरून व्हीलीचा धडा कशाला द्यावा, असं काही पालकांच्या मनात येईल. त्यांना माझी विनंती एवढीच, की भाषण शेवटपर्यंत ऐकावं. ज्या मुलाला ही गोष्ट खरोखर कळली, तो ती रस्त्यावर करायला जात नाही, असा माझा अनुभव आहे. ज्याला अर्धवट कळली, तोच जातो.

आधी साधा प्रश्न घेऊ. चाक वर जातं कसं? पुष्कळांची समजूत अशी, की हँडल दोन्ही हातांनी वर ओढलं की गाडी उचलते. सायकलवर हे थोडंफार चालतं. मोटारसायकलवर हातांचा वाटा जवळजवळ नाहीच. तुम्ही एसटीत उभे असता आणि ड्रायव्हर एकदम गाडी पुढे काढतो, तेव्हा तुम्ही मागे कलंडता. पाय गाडीबरोबर पुढे जातात आणि वरचं अंग मागे राहतं. मोटारसायकलचंही तसंच होतं. मागचं चाक जमिनीला मागे रेटतं, म्हणून गाडी पुढे जाते. तो रेटा लागतो जमिनीच्या पातळीवर, आणि गाडीचं नि स्वाराचं वजन असतं त्याच्या वर, कमरेच्या उंचीवर. रेटा पुरेसा मोठा असला की खालचा भाग पुढे पळतो, वरचं वजन मागे राहतं आणि नाक वर येतं.

हा रेटा किती लागतो? मी मुलांना फळ्यावर हिशेब मांडून दाखवतो. २०० सीसीची स्पोर्ट मोटारसायकल आणि वर बसलेला मुलगा मिळून २२० किलो धरा. दोघांच्या वजनाचा मध्य मागच्या आसापासून ६५ सेंटिमीटर पुढे आणि जमिनीपासून ६५ सेंटिमीटर वर धरा. असं असेल, तर पुढचं चाक जमिनीवरून सुटण्यासाठी मागच्या चाकानं साधारण २२० किलोच्याच जोरानं रेटायला हवं. २०० सीसीच्या गाडीत नुसती मूठ पिळून एवढा जोर बहुधा मिळत नाही. म्हणून क्लचची मदत घेतात. क्लच किंचित दाबून इंजिनाला रेस द्यायची आणि क्लच झटक्यात सोडायचा. फिरणाऱ्या इंजिनात साठलेला जोर क्षणभर चाकाला मिळतो आणि कमी पडत होता तेवढा रेटा भरून निघतो. पुढचे शॉकअप आधी दाबून ते उसळी घेत असतानाच क्लच सोडला, तर आणखी हातभार लागतो. हजार सीसीच्या गाडीला यातलं काही लागत नाही, तिथे नुसती मूठच पुरते.

आता खरी मेख पुढे आहे. चाक सुटताना २२० किलोचा रेटा लागला. चाक ३० अंश वर गेलं, की गाडी तशीच धरून ठेवायला किती लागतो? ९०च्या आसपास. ४५ अंशांवर? पन्नासाच्याही आत. साधारण ६० अंशांवर वजनाचा मध्य बरोबर मागच्या चाकाच्या डोक्यावर येतो आणि तिथे काहीच रेटा लागत नाही. हा झाला संतुलनाचा बिंदू. गाडीगणिक आणि स्वारागणिक तो थोडा इकडेतिकडे होतो. त्याच्या अलीकडे गाडी पुढे पडू पाहते, पलीकडे मागे पडू पाहते.

याचा अर्थ काय? चाक जसजसं वर जाईल, तसतशी मूठ कमी करत आणायला हवी. सुरुवातीला लागलेली रेस ४५ अंशांवरही तशीच राहिली, तर ती गरजेच्या चौपटीहून जास्त असते आणि गाडी स्वाराच्या अंगावर उलटायला एक सेकंदही लागत नाही. आणि माणसाचं शरीर नेमकं याच्या उलट करतं. नाक वर आलं की स्वार मागे घसरतो. घसरणारा माणूस हाताला येईल ते घट्ट धरतो. हाताला काय येतं? हँडल. अंगाचा भार हँडलला लटकला की कोपर सरळ होतात, मनगट खाली जातं आणि मूठ आणखी पिळली जाते. म्हणजे माणूस जितका घाबरतो, तितकी गाडी जोरात उसळते. पोरगं भित्रं होतं म्हणून पडलं, असं लोक म्हणतात. त्यात भित्रेपणाचा काही संबंध नाही, लटकलेलं कुठलंही मनगट असंच वळतं. म्हणून गाडीची टाकी दोन्ही गुडघ्यांनी घट्ट आवळून बसायचं आणि हात सैल ठेवायचे, हा पहिला नियम.

मग वर गेलेली गाडी खाली आणायची कशानं? मुलं सांगतात, मूठ सोडायची. संतुलनाच्या बिंदूच्या बऱ्याच अलीकडे असताल, तर ते खरं आहे. पण त्या बिंदूपाशी किंवा त्याच्या पलीकडे मूठ सोडण्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि नुसता क्लच दाबला तर काहीच होत नाही. तिथे उपाय एकच, उजव्या पायाखालचा मागचा ब्रेक. मागचं चाक जमिनीपाशी अडवलं, की वरचं वजन पुढे झेपावतं आणि नाक खाली येतं. एसटीच्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की आपण पुढे जातो ना, तेच. थोडक्यात, मूठ गाडी वर नेते आणि पाय तिला खाली आणतो. व्हीली मारणाऱ्याचं सगळं कसब त्या उजव्या पायात असतं. बघणाऱ्याला तो पाय दिसतसुद्धा नाही.

आमच्या भागात एका साखर कारखान्याचा उसाच्या गाड्यांसाठी केलेला सिमेंटचा तळ आहे. गळीत हंगाम संपला की तो रिकामा पडतो. रीतसर परवानगी घेऊन, फाटक बंद करून आम्ही तिथे सराव करतो. नवा मुलगा आला की पहिल्या रविवारी विचारतो, ‘‘काका, आज उचलायची का?’’ मी म्हणतो, ‘‘आज बसायचं कसं ते शिकायचं.’’ दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच विचारतो. मी म्हणतो, ‘‘आज ब्रेक.’’ तिसऱ्या रविवारी काही जण येतच नाहीत. जे येतात, त्यांना पुढचं शिकवतो.

क्रम असा. सर्वांत आधी गाडी तपासायची. मागच्या ब्रेकचा पेडल किती दाबल्यावर ब्रेक लागतो, तो सैल तर नाही ना, चेन फार ढिली नाही ना, क्लच कुठे धरतो, हँडलच्या कोन सेटमध्ये खेळ नाही ना. मग अंगावरचं सामान. चेहरा पूर्ण झाकणारं आयएसआय मार्कचं हेल्मेट, हनुवटीचा पट्टा आवळलेला. जाड जॅकेट, पाठीला आणि गुडघ्यांना संरक्षक पट्ट्या, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट. चप्पल घालून आलेल्या मुलाला मी फाटकातूनच परत पाठवतो.

नंतर संथ चालवणं. माणूस चालतो त्या वेगानं, पाय खाली न टेकता, आठाच्या आकड्यात गाडी फिरवायची. ज्याला हे जमत नाही, त्याला एका चाकावर तोल सांभाळता येणार नाही. कारण पुढचं चाक हवेत असताना हँडल वळवून उपयोग नसतो. गाडी कमरेनं आणि गुडघ्यांनीच सरळ ठेवावी लागते.

त्यानंतर पायाची जागा. तळव्याचा मधला भाग फूटरेस्टवर आणि पुढचा भाग ब्रेकच्या पेडलवर, न दाबता टेकलेला. तो तिथून हलवायचा नाही. मग पहिल्या गिअरमध्ये ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगानं सरळ रेषेत जायचं, मूठ थोडी सोडायची, थोडी द्यायची आणि पुढचे शॉकअप कसे बसतात नि उठतात ते अंगात मुरू द्यायचं. हे जमलं की क्लचची पाळी. दोन बोटांनी क्लच किंचित ओढायचा, रेस वाढवायची, क्लच सोडायचा. चाक वीतभर उचललं की लगेच ब्रेक. वीतभर, आणि ब्रेक. पुन्हा वीतभर, पुन्हा ब्रेक. असं शंभर वेळा, दोनशे वेळा. मुलं कंटाळतात. पण गडबडीच्या क्षणी विचार करून ब्रेक दाबायला वेळ मिळत नसतो. विचार न करता पाय आपोआप दाबला गेला पाहिजे, आणि ते केवळ सवयीनंच येतं.

त्याच्या पुढे ब्रेकची मात्रा शिकायची. ब्रेकवर एकदम उभं राहिलं, तर नाक धाडकन आपटतं. शॉकअपचं ऑइल सील फुटतं, रिमला पोक येतो, मनगटाला हिसका बसतो. म्हणून थोडी रेस चालू ठेवून ब्रेक हळूहळू दाबायचा आणि चाक अलगद टेकवायचं. टेकताना हँडल अगदी सरळ हवं. हवेत असताना पुढच्या चाकाचा वेग कमी झालेला असतो. ते तिरकं टेकलं, तर हँडल दोन्ही बाजूंना असं थडथडतं की हातातून सुटतं. पुढचा ब्रेक हवेत चुकूनही दाबायचा नाही, कारण थांबलेलं चाक जमिनीला लागलं तर काय होईल, हे सांगायला नको. माझ्याकडची फार थोडी मुलं या टप्प्याच्या पुढे, म्हणजे संतुलनाच्या बिंदूपर्यंत गेली आहेत. स्टंट करणारे सराईत लोक त्या सरावासाठी गाडीच्या मागे मजबूत लोखंडी दांडी बसवून घेतात. गाडी जास्त उठलीच, तर दांडी जमिनीला टेकते आणि ती उलटत नाही. शिवाय बराच वेळ नाक वर राहिलं, तर इंजिनातलं ऑइल मागे सरकतं, पंपाला ते पुरेसं मिळत नाही आणि इंजिनाला इजा होते. गॅरेजमध्ये आलेल्या गाडीचे क्लचप्लेट आणि ऑइल सील पाहिले, की ती कशी चालवली जाते हे मला विचारावं लागत नाही.

आता या सगळ्याचा रस्त्याशी संबंध लावून पाहू. व्हीलीत गाडीचं काय काय जातं, याची यादी करा. पहिलं, पुढचा ब्रेक जातो. आणि मोटारसायकल थांबवण्याच्या ताकदीचा मोठा वाटा पुढच्या ब्रेकचाच असतो. दुसरं, वळवण्याची सोय जाते, कारण वळवणारं चाक हवेत असतं. तिसरं, नजर जाते. समोर टाकी आणि मीटर येतात, रस्ता त्यांच्यामागे दडतो. रात्र असेल, तर हेडलाइट आभाळात. आता वेग मोजा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. चार सेकंदांची व्हीली म्हणजे ४४ मीटर. एवढं अंतर तो मुलगा न बघता, न वळता आणि पुढच्या ब्रेकशिवाय जातो. आपल्या रस्त्यावर ४४ मीटरांत काय काय येऊ शकतं? मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली, भाजीची पाटी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई, शाळा सुटलेली मुलं, कुत्रं, नाहीतर कालच्या पावसानं पडलेला खड्डा. त्यातल्या कुणीही या खेळात भाग घेतलेला नसतो. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली आणि त्यांतली जवळजवळ पंचेचाळीस टक्के दुचाकीवरची होती, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. हे सगळे काही स्टंट करत नव्हते. पण ज्या रस्त्यावर साधेपणानं जाणारा माणूसही इतका असुरक्षित आहे, तिथे हा जास्तीचा धोका कुणी कुणाच्या जिवावर आणायचा?

जगातले या विद्येतले नावाजलेले लोक काय करतात, तेही पाहा. अमेरिकेतल्या डग डोमोकोसनं १९८४ मध्ये एका चाकावर २३३ किलोमीटर अंतर कापलं. ते अलाबामा राज्यातल्या टॅलाडेगाच्या बंदिस्त शर्यतमार्गावर. जपानच्या यासुयुकी कुदो यांनी १९९१ मध्ये ३३१ किलोमीटरचा विक्रम केला, तो वाहनांच्या चाचणीसाठी बांधलेल्या मार्गावर. सार्वजनिक रस्त्यावर यातलं काही झालं नाही. आणि शर्यतीतले लोक तर व्हीलीला चक्क शत्रू मानतात. चाक उचललं की रेस कमी करावी लागते आणि रेस कमी केली की वेळ जातो. मोटोजीपीच्या गाड्यांना पंख्यासारखी पाती बसवतात, ती हवेच्या दाबानं नाक खाली राहावं म्हणूनही. चाक उचलायला लागलं, की इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारी यंत्रणाही त्यांत असते. हे सांगितलं की माझ्याकडची मुलं जरा विचारात पडतात. सर्वांत वेगवान माणसं ज्या गोष्टीपासून दूर पळतात, ती आपण वेग दाखवायला करतो!

कायद्याचंही एक सांगून ठेवतो. धोकादायक रीतीनं वाहन चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमाखाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाच सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि मुलगा अठराच्या आतला असला, तर १९९ अ हे कलम पालकांना आणि गाडीच्या मालकाला जबाबदार धरतं. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. ‘‘गाडी दिली, पण असं करायला नव्हती दिली,’’ एवढ्यावर तिथे सुटका होत नाही.

तरीही मी पालकांना सांगतो, की नुसतं ‘‘खबरदार!’’ म्हणून भागत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या गॅरेजमध्ये एक गाडी आली. शॉकअप वाकलेले, हँडल पिळलेलं. बायपासवर पडली होती. गाडी मी आठ दिवसांत उभी केली. चालवणाऱ्या मुलाचं मनगट मात्र वर्षभरानंतरही पूर्ण वळत नव्हतं. मी त्याला विचारलं, ‘‘बाळा, ब्रेक कुठं होता?’’ तो म्हणाला, ‘‘पुढचा दाबला की हो काका.’’ चाक वर असताना मागचा ब्रेक दाबायचा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चित्रफितीत चाक दिसतं, पाय दिसत नाही. त्या मुलाला घरी, कॉलेजात, चौकात सगळ्यांनी ‘‘करू नको’’ म्हटलं होतं. हे आहे काय आणि करायचंच तर कुठे, हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. मी मुलांना शिकवायला लागलो तो तेव्हापासून.

वयच तसं असतं. पूर्वी याच वयातली मुलं नदीच्या पुलावरून उडी मारत, बैलगाडी पळवत. अंगातली रग कुठेतरी जिरायला हवी. तालमीत मुलगा गेला, तर वस्ताद त्याला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाही. माती उकरायला लावतो, जोर-बैठका काढायला लावतो, पडायचं कसं ते दाखवतो. पडायला शिकल्याशिवाय कुस्ती येत नाही. व्हीलीचं शिक्षणही त्याच वाटेनं गेलं पाहिजे. गावोगाव बाजार समितीची आवारं, कारखान्यांचे तळ, बंद पडलेल्या औद्योगिक वसाहतींतले मोकळे पट्टे आठवड्यातून एक सकाळ रिकामे असतात. फाटक बंद करून, जाणता माणूस उभा करून, दवाखान्यात पोचवायला एक गाडी तयार ठेवून तिथे मुलांना गाडीवरचा ताबा शिकवता येईल. ज्यांच्या हातात अशी आवारं आहेत, त्यांनी याचा विचार करावा.

आणि तरुण मित्रांनो, तुमच्यापुरतं एकच. उद्या कुणी तुम्हाला व्हीली मारून दाखवली, तर त्याच्या पुढच्या चाकाकडे बघू नका. त्याचा उजवा पाय कुठे आहे, ते बघा. आणि तुमच्या मनात करायचं आलंच, तर आधी रिकामी जागा शोधा, शिकवणारा शोधा आणि दोनशे वेळा ब्रेक दाबायची तयारी असेल तरच क्लचला हात लावा. तेवढा धीर नसेल, तर दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून गाडी सुरेख चालवणं हेसुद्धा कमी कसबाचं काम नाही.